विमानाला आठ दिवस उरलेत : काय न्यावं, काय मागे ठेवावं?

गोदाकाठची | शनिवार, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी.

पुढच्या रविवारी मध्यरात्रीनंतर मुंबईहून विमान आहे. मी आणि माझा सात वर्षांचा मुलगा, दोघं म्युनिकला निघालोय. नवरा फेब्रुवारीपासून तिथेच आहे. इतके दिवस तो एका खोलीत राहत होता. आता घर मिळालं, मुलाच्या शाळेचं जवळपास ठरलं. इंदिरानगरचा आमचा फ्लॅट रिकामा करून भाडेकरूच्या हातात किल्ली दिली आणि शेवटच्या आठ दिवसांसाठी माहेरी, नाशिकरोडला जेलरोडवर, येऊन राहिलेय.

घर भरलेलं आहे. अण्णा (माझे आजोबा, वय ८७), माई, आई-बाबा, दादा-वहिनी आणि आम्ही दोघं. वहिनीला सातवा महिना लागलाय. तिचं डोहाळजेवण मुद्दाम येत्या गुरुवारी ठेवलंय, म्हणजे मी असेन. हिरवी साडी अण्णांनी स्वतः मेन रोडला जाऊन आणली. सोबत कोणाला येऊ दिलं नाही.

माणशी २३ किलोच्या दोन बॅगा, म्हणजे एकूण चार डाग. अण्णा प्रेसमध्ये होते, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, पोस्टाच्या तिकिटांच्या तपासणीला. निवृत्त होऊन तीस वर्षं होत आली, पण सामान बांधायचं म्हटल्यावर सगळं त्यांनी हातात घेतलंय. हुकाचा काटा आणलाय. प्रत्येक डागावर तपकिरी टेप, टेपवर निळ्या बॉलपेनने नंबर आणि वजन. ‘डाग ३/४, २२.६ किलो’. अक्षर असं की छापल्यासारखं.

आता माझे प्रश्न. घरचं तूप चालतं का? पेढे? माईने काळा मसाला केलाय दीड किलो, तो नेता येईल का? मिक्सर न्यावा का? मुलासाठी कोणती कागदपत्रं हाताशी हवीत? जे गेलेत त्यांनी सविस्तर सांगा, उपकार होतील.

हॅम्बर्गहून | शनिवार, रात्री ११.३५

तूप आणि पेढे दोन्ही ठेवून ये. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि तूप त्यातच मोजतात. काढून घेतात आणि टाकून देतात, ते बघवत नाही. ताजा कढीपत्ता, आंबे, भाज्या यांच्या मागेही लागू नकोस, त्यांना रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. काळा मसाला खुशाल ने. कोरडे मसाले, मेतकूट, भाजणी, पापड, कुरडया, काही अडचण नाही. फक्त दुहेरी पिशवीत बांध, नाहीतर मुलाचे कपडे वर्षभर मसाल्याच्या वासाचे राहतात.

मिक्सर ने. तिथेही २३० व्होल्टच आहे, फक्त पिन बदलावी लागते. कुकर मात्र आधी नवऱ्याला शेगडी कोणती आहे ते विचारून मगच ने. इंडक्शन असेल तर साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापणारच नाही.

ओली_हळद | रविवार, सकाळी ७.२०

मुलाचं लसीकरणाचं कार्ड हातातल्या बॅगेत ठेव, मोठ्या डागात नको. जर्मनीत १ मार्च २०२० पासून शाळेत जाणाऱ्या मुलाला गोवराची लस झाल्याचा पुरावा द्यावा लागतो, दोन डोस. आपल्या कार्डावर डॉक्टरांचा सही-शिक्का पुसट असेल तर आत्ताच ठळक करून घे. माझ्या मुलीच्या वेळी त्या एका पुसट शिक्क्यापायी तीन आठवडे गेले.

आणि घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. घरमालकाची सही लागते. ते झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

पंचवटीकर | रविवार, सकाळी ९.०५

मुंबईला समृद्धीने जा. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ पासून सुरू आहे, कसारा घाट टळतो. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याला जी कोंडी होते तिचा भरवसा नाही. रात्री एकचं विमान असेल तर दुपारी तीनलाच निघा. आणि त्याआधी एकदा गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन ये. धरणातून पाणी सोडलंय, बघण्यासारखं आहे.

गोदाकाठची | रविवार, रात्री ९.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. तूप रद्द. माईचा जीव खूप हळहळला, पण तिने लगेच बरण्या वहिनीकडे वळवल्या, “बाळंतिणीला लागेल” म्हणून.

आज सगळे मिसळ खायला गेलो होतो, गंगापूर रोडच्या पुढे, द्राक्षबागांकडे. अण्णांना तिखट वर्ज्य. त्यांनी नुसतं दही-पापड आणि पाव घेतला आणि माझ्या वाटीतल्या रश्श्यात एकदाच पाव बुडवला. डॉक्टरांच्या नावाने बाबा ओरडले. अण्णा म्हणाले, “नात चाललीय, एक घास.” माझा मुलगा पूर्ण वेळ झोक्यावर होता. येताना पाऊस आला, गाडीच्या काचा धुकटल्या आणि अण्णांनी काचेवर बोटाने पणतूला इंजिन काढून दाखवलं. फार छान दिवस गेला. लिहून ठेवावासा वाटला म्हणून इथे लिहिला.

गोदाकाठची | सोमवार, रात्री ११.१५

आज एक गोष्ट घडली ती सांगते. बॅगांशी तिचा संबंध नाही, तरी राहवत नाही.

श्रावणी सोमवार, अण्णांचा उपास. संध्याकाळी उपास सोडून झाल्यावर ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, “पोराचा पासपोर्ट बघू.” मी दिला. नवीनच काढलाय, मुखपृष्ठावर खाली ते चिपचं चिन्ह आहे.

अण्णांनी आधी हात धुतले, पुसले. मग पासपोर्ट उघडला, पण नाव बघितलं नाही की फोटो बघितला नाही. सरळ मधलं पान उघडून शिवण बघितली. दोऱ्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. चारही कोपरे चिमटीत धरून बघितले. मग एक पान दिव्यासमोर धरलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. नंतर अंगठ्याने पानं सोडत गेले, फर्रकन, पत्ते पिसतात तशी, आणि म्हणाले, “छत्तीस. बरोबर आहेत.”

भारताचा पासपोर्ट इथेच छापला जातो, आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण अण्णांचा स्वतःचा पासपोर्ट कधी नव्हताच, हे आज लक्षात आलं. मी विचारलं, “तुम्ही का नाही काढला?” म्हणाले, “जायचं कुठं होतं?”

मग विचारलं, “किती वर्षांचा आहे हा?” लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो म्हटल्यावर त्यांनी मनात हिशेब केला. “म्हणजे हा संपेल तेव्हा मी ब्याण्णव.” पासपोर्ट मिटला, परत माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “नवीन काढशील तेव्हा मला दाखव.”

हॅम्बर्गहून | सोमवार, रात्री ११.५०

वाचून अंगावर काटा आला. नवीनही त्यांच्याच प्रेसमधून येईल. म्युनिकमध्ये आपला वाणिज्य दूतावास आहे, तिथून नवा मिळतो, पण पुस्तिका नाशिकचीच. मी माझा दर वेळी नवा आला की वास घेऊन बघते.

गोदाकाठची | मंगळवार, दुपारी २.१०

अण्णा गेले. पहाटे, झोपेत. माई चहाला उठवायला गेली तेव्हा कळलं.

ओली_हळद | मंगळवार, दुपारी २.३०

अगं. काय लिहू. काल रात्रीच तर वाचलं. माईंना सांभाळ.

पंचवटीकर | मंगळवार, दुपारी २.४५

भावपूर्ण श्रद्धांजली. झोपेत, नातवंडांच्या घरात. पुण्यवान माणूस. अमरधामला किंवा गंगेवर कसलीही मदत लागली तर निरोप ठेव, मी दहा मिनिटांवर आहे.

द्राक्षबाग | मंगळवार, सायंकाळी ५.००

ताई, या घाईतही एक काम विसरू नका. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दाखल्याच्या निदान आठ-दहा प्रती एकदमच घ्या. अण्णा केंद्र सरकारचे निवृत्तिवेतनधारक असतील तर माईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पेन्शनचा मूळ आदेश आणि दाखला बँकेत द्यावा लागेल. तो आदेश कुठे ठेवलाय ते आजच शोधा, घरातली सगळी माणसं एकत्र आहेत तोवर. माझ्या वडिलांच्या वेळी तो कागद गादीखाली होता आणि आम्ही दोन महिने कपाटं उपसत होतो.

गोदाकाठची | बुधवार, रात्री १०.२०

सगळ्यांचे निरोप वाचले. उत्तरं देता आली नाहीत.

पेन्शनचा आदेश पहिल्याच ड्रॉवरमध्ये, पहिल्याच फायलीत होता. फायलीवर लेबल, आत अनुक्रमणिका. बाबा ती फाईल मांडीवर घेऊन खूप रडले. काल दिवसभरात पहिल्यांदाच.

काल संध्याकाळी शेजारच्या काकूंनी पिठलं-भात आणला. घरात चूल पेटवायची नाही. सगळ्यांनी दोन-दोन घास खाल्ले. मग काकूंनी पदराआडून एक छोटा डबा काढला आणि गुपचूप वहिनीच्या हातात दिला. चिंच-गुळाची आमटी. वहिनीला गेले पंधरा दिवस तेच खावंसं वाटतंय, हे काकूंच्या लक्षात होतं. वहिनीला कानकोंडं झालं, घेईना. माई कोपऱ्यातून म्हणाली, “खा गं. पोटातल्याला काय सुतक?” आणि वहिनीने तो डबा सगळ्यांसमोर संपवला. मी तिच्याकडे बघत बसले होते. दोन दिवसांत बरं वाटावं असं तेवढंच काही घडलं.

डोहाळजेवण अर्थातच रद्द. हिरवी साडी कपाटात आहे, अण्णांनी दुकानातून आणलेल्या पिशवीतच.

आता माझा खरा प्रश्न. रविवारी मध्यरात्री विमान, तो सहावा दिवस. दहावा पुढच्या गुरुवारी. विमान कंपनीला विचारलं, दोघांची तारीख पुढे ढकलायला एकूण एकेचाळीस हजार सांगतात. ते भरता येतील. व्हिसाला मुदत आहे. शाळा सप्टेंबरच्या मध्याला सुरू होते. म्हणजे थांबायचं म्हटलं तर थांबता येतं. पण नवऱ्याने पुढच्या आठवड्याची रजा काढलीय, पत्त्याच्या नोंदणीची आणि शाळेच्या भेटीची वेळ त्याच आठवड्यातली आहे, आणि ती वेळ पुन्हा कधी मिळेल ते सांगता येत नाही. मुलगा सहा महिने बाबाला भेटलेला नाही. रोज रात्री “किती दिवस राहिले” विचारतो, आणि काल त्याने विचारलंच नाही.

बाबा काही बोलत नाहीत. आई म्हणते तुझं तू ठरव. मला ठरवता येत नाही.

माहेरवाशीण | बुधवार, रात्री १०.५५

थांब. एवढंच सांगते. मी नव्हते थांबले. बाबांच्या आजारपणात तिकीट बदललं नाही, म्हटलं महिन्याने येईन. ते सल अजून आहे, नऊ वर्षं झाली. एकेचाळीस हजार पुन्हा मिळतात.

हॅम्बर्गहून | बुधवार, रात्री ११.२०

मी उलट सांगेन, पण माहेरवाशीणचं म्हणणं खोटं आहे म्हणून नव्हे. तिची गोष्ट वेगळी आहे, तिची भेट राहिली होती. तुझी भेट झालीय. रविवारी घास झाला, सोमवारी पासपोर्ट झाला. तू विधीला थांबायचं की नाही एवढंच ठरवतेयस. विधी दादा करणारच आहे.

काळ्या_दगडाची_पायरी | गुरुवार, सकाळी ६.४०

सुतकात दूरचा प्रवास करू नये. आमच्याकडे उंबरठासुद्धा ओलांडत नाहीत. रीत कशासाठी असते? दुःखातल्या माणसाला घराने धरून ठेवावं म्हणून.

द्राक्षबाग | गुरुवार, सकाळी ७.१५

लग्न झालेल्या नातीला दहा दिवसांचं सुतक नसतं, त्यांच्या गुरुजींना विचारून घ्यावं. पण पायरी यांचं शेवटचं वाक्य मला पटतं. घराने धरून ठेवावं हे खरं. तिकडे त्यांना कोण धरणार आहे, तेही बघा. नवरा सहा महिने एकटा आहे. तोही अण्णांचा नातजावईच आहे, तोही रडला असेल.

गोदाकाठची | गुरुवार, रात्री ८.३०

द्राक्षबाग, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी नवऱ्याला फोन केला. तो खरंच रडला. मला गेल्या दोन दिवसांत त्याला विचारायचं सुचलंच नव्हतं.

आज अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो. पंचवटीकर, तुम्ही आलात, सगळी व्यवस्था बघितलीत, आणि नाव न सांगता निघून गेलात. बाबांनी हात जोडलेत असं समजा.

गंगेला पाणी होतं. चहासारखं तांबूस, जोरात. दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी लागलं होतं. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते, घाटावर दोन्हीकडे तोंड असलेला मारुतीचा उंच पुतळा आहे. पूर किती आलाय हे आम्ही त्याच्यावरून मोजतो, पायाला लागलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. लहानपणी पूर आला की अण्णा मला सायकलच्या दांडीवर बसवून नाशिकरोडहून इथवर आणायचे, मारुती किती बुडालाय ते दाखवायला. परत जाऊन माईला सांगायचं काम माझं. आज माझ्या मुलाला मी तोच मारुती दाखवला आणि घरी गेल्यावर त्याने माईला सांगितलं, “पायापर्यंत आलंय.” मी त्याला शिकवलं नव्हतं.

पाण्यात उतरू देत नव्हते. दादाने काठावरूनच अस्थी सोडल्या. रामकुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून लांबून लांबून लोक इथे येतात. आमच्या शेजारी एक कुटुंब होतं, गाडीतून रात्रभर प्रवास करून आलेलं. त्यांच्या म्हातारबाबांना काठ निसरडा म्हणून पुढे जाता येत नव्हतं. दादाने त्यांचा एक हात धरला, मी दुसरा. त्यांचं झालं, मग त्यांनी आम्हाला विचारलं, “तुमचं कोण?” दादा म्हणाला, “आजोबा.” ते म्हणाले, “माझी बायको.” एवढंच बोलणं झालं.

घरी आल्यावर माईजवळ बसले आणि विचारलं, “माई, मी थांबू का?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. माझ्या मुलाच्या शर्टाची गुंडी सुटली होती ती लावत बसली. मग म्हणाली, “दहाव्याला थांबशील, मग म्हणशील तेरावा होऊ दे. मग गणपती येतील. मग हिचं बाळंतपण. थांबायला कारण कमी पडत नाही, बाई. त्यांनी तुझ्या डागांवर आकडे घातलेत, ते काय डाग इथं ठेवायला?”

मी रविवारी निघतेय.

माहेरवाशीण, तुझं वाचून मी रात्रभर झोपले नाही, आणि ते तू लिहिलंस हे बरं केलंस. तुझ्यामुळेच मी माईला तोंड उघडून विचारलं. नाहीतर कोणालाही न विचारता दोहोंतलं काहीतरी केलं असतं आणि जन्मभर दुसऱ्याबद्दल विचार करत राहिले असते.

माहेरवाशीण | गुरुवार, रात्री ९.१०

माईंनी सांगितलं ना, मग संपलं. नीट जा. तिथून मला एक ओळ टाक.

गोदाकाठची | शनिवार, रात्री ११.००

आजचं थोडंसं. मुलाची सायकल इथेच ठेवायची होती. आमच्या गल्लीत इस्त्रीचं टेबल लावतात त्यांचा मुलगा आहे, ह्याच्याच वयाचा. द्यायची ठरवली तर चिरंजीव अडून बसले. मग स्वतःच खाली गेला, अर्धा तास त्याला ब्रेक कुठला आणि चेन पडली तर कशी चढवायची ते शिकवत होता. वर आला, हात काळे झालेले, आणि म्हणाला, “आता त्याला येते. आता चालेल.” मी त्याचे हात धुतले. दोन वेळा साबण लावला तरी काळं पूर्ण निघालं नाही.

दुपारी माझ्या तीन मैत्रिणी आल्या. शाळेपासूनच्या. शनिवारी मोठं जेवण ठरलं होतं कॉलेज रोडला, त्याऐवजी त्या घरीच आल्या, कोणी काही आणलं नाही, कोणी नटलं नाही. एकीने माईच्या डोक्याला तेल लावलं. एकीने आईबरोबर बसून सगळी भांडी घासली. हसूही आलं मध्येच, दहावीतल्या कसल्याशा आठवणीवर, आणि हसता हसता मी एकदम गप्प झाले तर माई म्हणाली, “हसा गं, त्यांना गप्प घर आवडत नव्हतं.”

डाग चारही तयार आहेत. अण्णांचे तीन बांधून झाले होते, चौथा दादाने बांधला. दादाने टेपवर नंबर घातला, ‘डाग ४/४’, आणि वजन लिहिण्याआधी मला म्हणाला, “माझं अक्षर बघ ना कसं आलंय.” मी म्हटलं, असू दे.

ओली_हळद | रविवार, दुपारी १२.१०

लसीकरण कार्ड हातातल्या बॅगेत आहे ना? मुलाला घाटात उलटी होत असेल तर आल्याची वडी ठेव. शुभ प्रवास गं.

गोदाकाठची | रविवार, रात्री १०.४५

विमानतळावर पोचलो. कार्ड हातात आहे. काट्यावर डाग ३ चढवला आणि आकडा आला २२.६. काउंटरवरच्या मुलीला मी म्हटलं, हे माझ्या आजोबांनी मोजलंय. ती हसली, काय बोलावं कळलं नसेल तिला. बाकी तिथे गेल्यावर लिहिते.

गोदाकाठची | गुरुवार, सकाळी ८.१५ (इथल्या घड्याळाने)

सुखरूप आहोत. पत्त्याची नोंदणी मंगळवारी झाली. शाळेत काल जाऊन आलो. बाई प्रेमळ वाटल्या, लसीकरण कार्ड सगळ्यात आधी मागितलं. ओली_हळद, तुझी आठवण काढली.

आज अण्णांचा दहावा झाला. नाशिकला सकाळचे साडेनऊ म्हणजे इथे सहा. सध्या साडेतीन तासांचा फरक आहे, थंडीत साडेचार होईल. अजून पुरतं उजाडायचं होतं. स्वयंपाकघरात टेबलाशी मी, नवरा आणि गोधडीत गुंडाळलेला मुलगा. वहिनीच्या भाच्याने फोन धरला होता. पाणी उतरलंय, घाट दिसत होता.

आमच्याकडे पिंडाला कावळा शिवत नसेल तर घरातला एकेक जण पुढे येऊन सांगतो, तुमचं अमुक राहिलंय ते आम्ही बघू, काळजी करू नका. बाबांनी मला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, तूही फोनवरून बोल. मी रात्रभर वाक्य जुळवत होते. काय सांगायचं? वहिनीच्या बाळंतपणाला येईन? नवा पासपोर्ट दाखवेन? शेवटी ठरवलं, फक्त “आम्ही पोचलो” एवढंच सांगायचं.

गुरुजी बाजूला झाले, दादाने पिंड ठेवले, सगळे मागे सरकले, आणि मी बोलायला तोंड उघडेपर्यंत कावळा येऊन शिवूनही गेला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. तिकडे सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला तो इथे ऐकू आला.

मला मात्र रडू आलं. खरं सांगते, वाईट वाटलं. माझ्यासाठी थोडं थांबतील असं कुठेतरी वाटत होतं.

नंतर माईला फोन केला. ती घरीच होती. तिला सांगितलं, लगेच शिवला. म्हणाली, “शिवणारच. प्रेसमध्ये हिशेब जुळल्याशिवाय कोणाला बाहेर सोडत नव्हते. त्यांना मागं काही ठेवायची सवयच नव्हती.” मग विचारलं, पोराने दूध घेतलं का, तिथलं दूध कसं लागतं. मी सांगितलं, पातळ आहे पण गोड आहे.

हॅम्बर्गहून | गुरुवार, सकाळी ८.४०

इथे आलीस. पहिले काही रविवार जड जातात, दुकानं सगळी बंद, रस्ते चिडीचूप. तेव्हा फोन कर, नंबर निरोपात टाकलाय. मसाला नीट पोचला का? डाग सगळे उघडलेस?

गोदाकाठची | गुरुवार, सकाळी ९.०५

मसाला पोचला. तो दादाने बांधलेल्या चौथ्या डागात होता. काल मिसळ केली, मटकीला मोड यायला तीन दिवस लागले इथल्या थंडीत. आम्ही आलो त्याच रात्री आमचे हे एक आणि दोनवरची टेप फाडून मोकळे झाले, त्यांना माहीत नव्हतं, मी काही बोलले नाही.

तीन अजून उघडला नाही. पण मुलाचे स्वेटर त्यातच आहेत आणि सकाळी अकरा अंश असतं, आज-उद्या उघडावाच लागेल. खालच्या बाजूने कापेन.